जुनी बेसबॉल कार्डं जमवायची आहेत? मग खिशात हात घालायच्या आधी हे वाचा

सातवीत असेपर्यंत माझ्याकडे काडेपेटीच्या छापांचा अख्खा पत्र्याचा डबा होता. एका मे महिन्यात मामाकडून परत आलो तर आजीने सगळे छाप बंबात घातलेले, "त्या कागदांनी घरात उंदीर होतात रे" म्हणून. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही आणि मग विसरलो. पुढे तीसेक वर्षांनी न्यू जर्सीत आमच्या शेजारचे एक रिटायर्ड आजोबा बर्फ काढता काढता मला सांगत होते की ते कॉलेजला गेले आणि मागे त्यांच्या आईने बेसबॉल कार्डांनी, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेल्या छोट्या कार्डांनी, भरलेला बुटांचा खोका कचऱ्यात टाकला, आणि हे सांगताना सत्तरीच्या माणसाचा चेहरा जो काय झाला ना, मला डायरेक्ट आमचा बंब दिसला.

त्या वयाच्या दर दुसऱ्या अमेरिकन माणसाकडे ही गोष्ट आहे हे मला नंतर कळलं. आई, खोका, कचरा. तर मी तिथून या नादाला लागलो, बेसबॉल तेव्हा फारसा कळत नव्हता आणि आजही इनफील्ड फ्लायचा नियम कोणी विचारला की मी चहा करायला उठतो. पण कार्डं कळायला लागलीत, आणि शिकताना जे पैसे घालवले ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. इथे नवीन आलेल्या आपल्या लोकांसाठी मुद्दाम मराठीत, कारण आपल्याकडे या खेळाची लहानपणची आठवण नाही, त्यामुळे सुरुवात कुठून करायची तेच समजत नाही.

१. आधी "जुनं" म्हणजे किती जुनं ते बघा

ढोबळमानाने सांगतो. पहिलं म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं, त्याला सगळे प्रीवॉर म्हणतात. यात सगळ्यात प्रसिद्ध टी२०६ नावाचा सेट (सेट म्हणजे एकत्र काढलेल्या कार्डांची मालिका), १९०९ ते १९११ या काळातला, अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटांत यायचा. चिमुकली कार्डं, आपल्या काडेपेटीच्या छापापेक्षा थोडी मोठी, पुढे रंगीत चित्र आणि मागे पीडमाँट किंवा स्वीट कॅपोरल असली सिगारेटची जाहिरात. हे टी२०६ नाव कंपनीने दिलेलं नाही बरं का. सिरॅक्यूजचे जेफरसन बर्डिक म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी आयुष्यभर असला छापील कागद जमवला आणि त्याचा कॅटलॉग केला, त्यात टी म्हणजे टोबॅको. त्यांची तीस हजारांवर बेसबॉल कार्डं त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमला देऊन टाकली. मेटला गेलात की चौकशी करा, काही कार्डं आलटून पालटून मांडलेली असतात. मी पाहुण्यांना ममी दाखवायला नेतो आणि स्वतः तिकडे सटकतो.

मग १९३३ चा गाउडी, बॉस्टनची च्युइंगमची कंपनी. या सेटमध्ये बेब रूथची चार वेगवेगळी कार्डं आहेत. आणि १०६ नंबरचं कार्ड त्या वर्षी छापलंच नव्हतं! पोरं बिचारी सेट पुरा करायला गम घेत राहिली, चघळत राहिली, शेवटी ज्यांनी कंपनीला पत्रं लिहिली त्यांना १९३४ मध्ये नॅप लाजॉयचं ते कार्ड पोस्टाने पाठवलं. गंडवागंडवी आजची नाहीये.

युद्धानंतर १९४८ मध्ये बोमन ही कार्डांची कंपनी आली, मग टॉप्स, १९५६ मध्ये टॉप्सने बोमनला विकतच घेतलं आणि तिथून १९८० पर्यंत जवळजवळ टॉप्सचंच राज्य. १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या आल्या. बहुतेक लोक विंटेज म्हणतात ते साधारण इथपर्यंत. त्यानंतर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इतकी बेसुमार छपाई झाली की त्या काळाला जंक वॅक्सच म्हणतात (वॅक्स म्हणजे कार्डं ज्यात यायची ती मेणकागदाची पाकिटं), तेव्हा ऑफिसातला कोणी "माझ्या बेसमेंटमध्ये १९८८ ची दहा हजार कार्डं आहेत, फुकट ने" म्हणाला तर आधी घरच्यांना विचारा.

२. एकच कोपरा धरा

नवीन माणूस हमखास चुकतो ती ही जागा. पहिल्याच महिन्यात मी जे दिसेल ते घेत सुटलो आणि शेवटी हातात काय, तर भेळ.

मोठ्ठ्या नावांच्या मागे तर लागूच नका. १९५२ च्या टॉप्सचा मिकी मँटल सगळ्यांना माहीत असतो, ३११ नंबर, त्याची एक प्रत २०२२ च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. पण गंमत ऐका. हे त्याचं पहिलं कार्ड नाही, पहिलं १९५१ चं बोमनचं आहे. टॉप्स सेट तुकड्यातुकड्यांनी बाजारात आणायचं, त्या तुकड्याला सिरीज म्हणतात. आणि ज्या शेवटच्या सिरीजमध्ये मँटल आहे तिथली बाकीची बरीच कार्डं त्याच्यापेक्षा कमी छापलेली, कारण मँटल छपाईच्या त्या शीटवर दोनदा होता. ती सिरीज बाजारात उशिरा आली, सीझन संपत आला होता, दुकानदारांनी माल घेतला नाही, आणि टॉप्सचे साय बर्गर, ज्यांनी हा सेट ब्रुकलिनच्या आपल्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखला, त्यांनीच १९६० मध्ये उरलेला माल बोटीवर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून लांब अटलांटिकमध्ये बुडवला असं ते स्वतः सांगायचे. म्हणजे आजीचा बंब परवडला म्हणायचा.

मग कोपरा कसा निवडायचा? कोणी एका टीमची घेतात, कोणी आपल्या वडिलांच्या जन्मवर्षाचा सेट, कोणी दर वर्षाचं एकेक साधं कार्ड, म्हणजे नुसती डिझाइन्स जमतात: १९६२ ची लाकडाच्या पट्टीसारखी किनार, १९७१ ची काळी, १९७५ ची दोन रंगांची भडक. हा शेवटचा प्रकार सगळ्यात स्वस्त आणि मजेचा आहे.

माझं म्हणाल तर रॉबर्टो क्लेमेंटे. पोर्टो रिकोचा, पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळला, बरोबर ३००० हिट्स (म्हणजे बॅटने मारून बेस गाठणं), आणि १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान पडून गेला. पण मला त्याच्याकडे खेचलं ते कार्डावरच्या नावाने. १९५५ ला टॉप्सने रॉबर्टो छापलं आणि पुढे साठच्या दशकात वर्षानुवर्षं "बॉब क्लेमेंटे". त्याला ते आवडायचं नाही, तरी बॉब. मग सत्तरच्या दशकात परत रॉबर्टो. आता माझं नाव पांडुरंग, आणि ऑफिसात पहिल्या आठवड्यात माझा पँडी झाला, तर मला हे कार्ड हातात घेतल्यावर काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. तुम्हालाही असं काहीतरी सापडेपर्यंत मोठी खरेदी करू नका, तोवर डॉलर-दोन डॉलरची कार्डं घेऊन हात साफ करा.

३. सामान काय लागतं

- पेनी स्लीव्ह, म्हणजे पातळ प्लास्टिकची पिशवी. कार्ड आधी यात आणि मगच टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात. थेट टॉपलोडरमध्ये सरकवलं की चरे पडतात
- बाइंडरची पानं, पीव्हीसी नसलेली
- सोनार वापरतात तसलं दहा पटीचं भिंग
- बारीक खुणांची पट्टी, इंचाचा सोळावा भाग दिसला पाहिजे
- नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च
- निळी पेंटरची टेप. सेलोटेप घरात असली तर या खोलीत आणू नका

आणि साइज बघून घ्या! हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आजचं स्टँडर्ड कार्ड अडीच बाय साडेतीन इंच, ते १९५७ पासून. १९५२ ते १९५६ चं टॉप्स त्याहून मोठं आहे, साध्या टॉपलोडरमध्ये कोंबायला गेलात की कोपरे गेलेच. आणि टी२०६ इतकं लहान की साध्या स्लीव्हमध्ये खुळखुळतं. दोन्हीसाठी वेगळे स्लीव्ह मिळतात, तेच मागा.

४. कंडिशन वाचायला शिका, पण तिचे गुलाम होऊ नका

बघायच्या गोष्टी चार: कोपरे, कडा, पृष्ठभाग, आणि चित्र मधोमध छापलंय का. कार्ड दिव्याखाली तिरपं धरा, समोरून न दिसणारी बारीक सुरकुती तिरप्या उजेडात दिसते. मागची बाजू नक्की बघा. अल्बममधून उपटलेल्या कार्डाच्या मागे कागद निघालेला असतो, आणि गमच्या पाकिटातल्या कार्डाला गमचा तपकिरी डाग असतो. ऑनलाइन फोटोत मागची बाजू नसेल तर मागून घ्या, देत नसेल तर सोडा.

आता माझं मत. नवीन माणसाने गोल झालेल्या कोपऱ्यांची कार्डं घ्यावीत. एक तर किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, जे कार्ड टाचणीसारख्या कोपऱ्यांचं हजारात जातं तेच मळकं तीस-चाळीसला मिळू शकतं. पण नुसतं तेवढंच नाही. हे कोपरे गोल कशाने झाले ते बघा ना. पोरं भिंतीला कार्डं मारून जिंकायची-हरायची, सायकलच्या आऱ्यांत कपड्याच्या चिमट्याने अडकवायची म्हणजे मोटारसायकलसारखा फटफट आवाज येतो, रबर लावून गठ्ठे खिशात कोंबायची. १९५२ च्या सेटमधलं पहिल्या नंबरचं कार्ड अँडी पॅफ्कोचं, हा काही मँटल नव्हे, पण चांगल्या अवस्थेत त्याचं कार्ड भयंकर महाग, कारण गठ्ठ्याच्या वर तोच असायचा आणि रबराचा सगळा मार त्यानेच खाल्ला. तसंच चेकलिस्टचं कार्ड, ज्यावर सगळी नावं आणि शेजारी चौकोन असतात, ते कोरं मिळणं कठीण, कारण पोरांनी पेन्सिलने टिका केल्या, ते त्यासाठीच तर होतं.

माझ्याकडे १९६१ चं एक साधं कार्ड आहे, खेळाडूची टीम बदलली म्हणून कुठल्यातरी पोराने जुन्या टीमचं नाव बॉलपेनने खोडून वर नवीन लिहिलंय, स्पेलिंग चुकवून. ग्रेडिंगवाल्यांच्या, म्हणजे कार्ड तपासून नंबर देणाऱ्या कंपन्यांच्या, लेखी ते खराब झालेलं कार्ड. मी एक डॉलरला घेतलं आणि देणार नाही.

५. खोटं आणि कापलेलं

इथे मी स्वतः आपटलोय. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून क्लेमेंटेचं साठच्या दशकातलं कार्ड घेतलं, कोपरे इतके छान की मी दोन दिवस हवेत. मग त्याच सेटच्या साध्या कार्डावर ठेवून बघितलं तर माझं केसभर आखूड. झिजलेली कड कोणीतरी पात्याने उडवली होती, कोपरे आपोआप नवीन. एकशे दहा डॉलर. पैसे मी "मित्र-नातेवाईक" वाल्या पर्यायातून पाठवले होते कारण तो म्हणाला फी वाचते, त्यामुळे तक्रारीची सोयच नव्हती. असे पैसे कधीही पाठवू नका, कितीही गोड बोलला तरी.

तर कापलेलं ओळखायला त्याच सेटची दोन-चार साधी कार्डं घरात ठेवा आणि नवीन आलेलं त्यांच्यावर ठेवून बघा, पट्टीपेक्षा हे बरं. एक कड बाकीच्यांपेक्षा ताजी, पांढरी आणि धारदार दिसली की संशय घ्या. यात मोठेमोठे फसलेत. होनस वॅग्नरचं टी२०६, ज्याच्या सगळ्या जगात पन्नास-साठच प्रती माहीत आहेत, त्यातली सगळ्यात देखणी प्रत हे पीएसए या ग्रेडिंगच्या कंपनीने ग्रेड केलेलं पहिलं कार्ड, दहापैकी आठ. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो नावाच्या लिलाववाल्याने कोर्टात कबूल केलं की त्याने ते कापलं होतं.

१९७१ च्या काळ्या कडा उडतात आणि लोक त्या मार्करने भरतात, तिरप्या उजेडात शाईची चमक वेगळी दिसते.

नकली छपाईचं सांगायचं तर, बऱ्याच रीप्रिंट प्रामाणिक असतात. टॉप्सने स्वतः १९८३ मध्ये १९५२ चा सेट परत छापला, पण तो आजच्या छोट्या साइजमध्ये आणि मागे तसं लिहिलेलं. धोका असतो तो मागचं ते लिहिलेलं खरवडून, चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेल्या मालाचा. भिंगातून बघा: जुन्या छपाईत चित्र ठिपक्यांचं असतं पण नावाची अक्षरं आणि काळ्या रेषा भरीव असतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्यांनी बनलेली दिसतात. आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारा, आजच्या कागदात पांढरेपणासाठी जे घालतात ते निळसर चमकतं, टी२०६ किंवा गाउडीचा कागद तसा चमकायला नको. फ्रेममध्ये घातलेला, "आजोबांच्या माळ्यावर सापडला" असं लिहिलेला वॅग्नर दिसला की पुढे चला.

६. भाव कसा काढायचा

विक्रेत्याने लावलेली किंमत म्हणजे त्याचं स्वप्न. ईबेवर विकल्या गेलेल्या मालाचा फिल्टर लावा आणि त्याच कार्डाच्या, तशाच अवस्थेच्या शेवटच्या पाच-सहा विक्री बघा, एकच बघून ठरवू नका. किमतीवर काट मारलेली असेल तर सौदा त्याहून कमीत झालाय. बस, एवढंच.

७. शोला जा, शक्यतो दुसऱ्या दिवशी दुपारी

ऑनलाइनपेक्षा मला हॉटेलच्या किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरणारे कार्ड शो आवडतात. सगळ्यात मोठा तो नॅशनल, १९८० पासून दर उन्हाळ्यात भरतो, पण पहिल्यांदाच तिकडे जाऊ नका, चक्कर येते, मंडईत दिवाळीच्या आदल्या दिवशी गेल्यासारखं होतं. जवळचा छोटा शो बघा.

रोख पैसे न्या, सुट्टे. हव्या असलेल्या नंबरांची यादी कागदावर न्या, मोबाईलमध्ये डोकं घालून उभं राहिलात की विक्रेता वैतागतो. कार्ड उचलायच्या आधी विचारा आणि ज्या जागेवरून काढलं तिथेच ठेवा. घासाघीस चालते, पण आपल्या तुळशीबागेसारखी अर्ध्यावरून सुरुवात करू नका, चार-पाच कार्डं एकत्र काढा आणि "सगळ्यांचे मिळून किती लावाल" विचारा. शो संपायच्या दोन तास आधी परत खोके बांधायचा सगळ्यांना कंटाळा आलेला असतो, तेव्हा भाव उतरतात.

आणि टेबलामागच्या म्हाताऱ्यांशी बोला हो. माझं पहिलं टी२०६ मी अशाच एकाकडून पंचेचाळीस डॉलरला घेतलं, मधोमध घडी पडलेलं, कोणालाच माहीत नसलेला खेळाडू. त्याने पाऊण तास मला ब्रुकलिन डॉजर्स ही टीम गाव सोडून लॉस एंजेलिसला गेली त्या १९५७ च्या सीझनबद्दल सांगितलं, जसं काही घरातलं कोणी गेलंय. ती माझी आठवण नाही, पण आता थोडी माझीपण झालीये.

८. ग्रेडिंग करायचं का?

बहुतेक वेळा नको. पीएसए, एसजीसी, बेकेट या कंपन्या कार्ड तपासून एक ते दहामध्ये नंबर देतात आणि प्लास्टिकमध्ये सीलबंद करतात. फी, पोस्टेज, विमा मिळून खर्च कार्डाच्या किमतीच्या वर जातोय का आधी बघा. महाग कार्ड विकत घेताना मात्र ग्रेड केलेलंच घ्या, आणि वरचा सर्टिफिकेट नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तिथल्या फोटोशी ताडून बघा, कारण प्लास्टिकचे डबेपण नकली येतात. पाठवायचंच असेल तर टॉपलोडर नको, त्यांना मऊसर सेमी-रिजिड होल्डर लागतो.

आणि कृपा करून कार्ड स्वतः साफ करायला जाऊ नका. खोडरबर नाही, ओला कापूस नाही, इस्त्री तर नाहीच नाही. इस्त्री करणारा मला भेटलाय.

९. कागदपत्रं आणि ठेवणं

जोपर्यंत चार-पाचशे डॉलरचा मामला आहे तोपर्यंत काही नको. त्यावर गेलात की हे एका फाइलमध्ये ठेवा:

- प्रत्येक खरेदीची पावती, शोमध्ये रोखीने घेतलं तर स्वतः लिहिलेली चिठ्ठी, तारीख आणि रक्कम
- पुढून-मागून फोटो
- ग्रेड केलेल्यांचे सर्टिफिकेट नंबर
- एक साधी एक्सेल शीट
- घराच्या विम्याचं पॉलिसीपत्र. यात संग्रहाच्या वस्तूंवर बऱ्याचदा मर्यादा असते, एजंटला फोन करून विचारा

पावत्या का, तर अमेरिकेत वर्षापेक्षा जास्त ठेवून नफ्यात विकलं तर संग्रहाच्या वस्तूंवर २८ टक्क्यांपर्यंत टॅक्स लागू शकतो, आणि केवढ्याला घेतलं हे दाखवता आलं नाही की पंचाईत.

ठेवायला बेसमेंट नको, माळा नको, घरातलं आतलं कपाट. उन्हात फ्रेम टांगू नका, रंग उडतात. पुण्यातल्या माझ्या मावसभावाला मी काही कार्डं दिलीयेत, त्याने पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवलीत आणि पुड्या दर महिन्याला बदलतो, कारण एका जुलैत बाइंडरमधली कार्डं पापडासारखी वळली होती. भारतात कोणाला पोस्टाने मागवायची असतील तर कस्टम ड्युटी धरूनच हिशोब करा.

माझ्याकडे क्लेमेंटेची १९५६ ते १९७३ सगळी झालीत, अठरा. १९५५ चं, पहिलं, रॉबर्टो लिहिलेलं, अजून नाही. घडी पडलेलं, भोक पडलेलं, कसलंही चालेल, पण तेसुद्धा अजून बजेटमध्ये बसत नाहीये.

शेवटचं काम हे की घरच्यांना सांगून ठेवा. कुठे आहे, साधारण केवढ्याचं आहे, विकायचं झालं तर कोणाला विचारायचं. आमच्याकडे बायकोने त्या डब्यावर जाड मार्करने चिठ्ठी लावलीये, "रद्दी नाही", आणि खाली शोमधल्या त्या टी२०६ वाल्या म्हाताऱ्याचा फोन नंबर.